जठराचा कर्करोग : औषध, आयुष्य आणि सत्य

पुणें-नाशिक रस्त्यावर नारायणगांवाहून पूर्वेस वळलें म्हणजे जुन्नर तालुक्यांतील खोडद हें गांव लागतें. टोमॅटोचे मळे आणि द्राक्षांचे मांडव यांच्यामधून आकाशाकडे तोंड करून उभ्या असलेल्या प्रचंड जाळीदार थाळ्या तेथें दृष्टीस पडतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या या रेडिओ दुर्बिणीच्या एकंदर ३० थाळ्या असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. त्यांपैकीं १४ खोडदच्या आसमंतांत एकत्र, तर १६ तीन भुजांवर दूरवर पसरलेल्या आहेत. अतिदूरच्या ताऱ्यांकडून व दीर्घिकांकडून येणाऱ्या क्षीण लहरी टिपणें हें या दुर्बिणीचें काम.

दुर्बीण हा शब्द या गांवाच्या तोंडीं असा रोजचा झालेला आहे. परंतु त्याच शब्दाचा दुसराहि एक अर्थ महाराष्ट्रांतील घराघरांत रूढ आहे. घशावाटे बारीक नळी पोटांत उतरवून जठराचें अस्तर आंतून पाहण्याच्या तपासणीसहि लोक दुर्बिणीची तपासणी असेंच म्हणतात. पहिली दुर्बीण कोट्यवधि कोसांवरील गोष्टींचा माग काढते. दुसरी अगदीं हाताच्या अंतरावरील, परंतु कित्येक महिने कोणाच्याहि ध्यानांत न आलेली गोष्ट दाखविते. या दुसऱ्या दुर्बिणींतून जठराचा कर्करोग दिसला, आणि तो जठराबाहेर पसरला आहे असें ठरलें, म्हणजे पुढें काय करतां येतें, जें करतां येतें त्याचा उपयोग किती, आणि हें सारें रोग्यास सांगावें कीं लपवावें, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत भाषणांत करावयाचा आहे.

हा रोग उशिरां कां कळतो, हें प्रथम पाहूं. जठर ही लवचिक पिशवी आहे. तिच्या अस्तरांत गांठ वाढूं लागली तरी पुष्कळ दिवस अन्नाच्या वाटेंत अडथळा येत नाहीं. आरंभींचीं लक्षणें अगदीं साधीं असतात. पोटांत जळजळ होते, करपट ढेकर येतात, दोन घास खातांच पोट भरल्यासारखें वाटतें, अन्नावरची वासना उडते. मनुष्य ओवा खातो, सोडा घेतो, दुकानांतून आम्लपित्ताची गोळी आणतो. गोळीनें थोडा उतार पडतो, आणि त्या उतारानेंच घात होतो. कारण रोग आंत वाढतच असतो. कारण नसतां वजन घटूं लागलें, शौचास डांबरासारखें काळें होऊं लागलें, रक्त कमी झालें, घास अडूं लागला किंवा वरचेवर वांति होऊं लागली, तर त्या मनुष्यानें गोळ्या घेत बसणें धोक्याचें आहे. त्याची दुर्बिणीची तपासणी झालीच पाहिजे. तींत संशयित जागेचा बारीकसा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात, आणि त्यावरून रोगाचें निदान पक्कें होतें.

निदानानंतर सीटी स्कॅन करून रोग कोठवर गेला आहे तें पाहतात. तो जठरापुरता व जवळच्या रसग्रंथींपुरता असेल, तर शस्त्रक्रियेची आशा असते. व्हिएन्ना येथील शल्यवैद्य बिलरोथ यांनीं २९ जानेवारी १८८१ रोजीं कर्करोगानें ग्रस्त जठराचा भाग कापून काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. रोगी बाई त्या शस्त्रक्रियेंतून उठली. परंतु रोग अगोदरच पसरलेला असल्यामुळें सुमारें चार महिन्यांनीं ती दगावली. या एका उदाहरणांत या रोगाचें सारें मर्म आलेलें आहे. सुरी फक्त दिसणारी गांठ काढते. दूर जाऊन रुजलेल्या पेशींपर्यंत ती पोंचत नाहीं. यकृतांत, पोटाच्या आंतील पातळ आवरणांत किंवा दूरच्या रसग्रंथींत रोग पोंचला, म्हणजे सर्व शरीरभर फिरणारें औषधच हवें. अशा औषधोपचारास केमोथेरपी म्हणतात.

या औषधांचा जन्म युद्धांतील विषापासून झाला, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. पहिल्या महायुद्धांत मस्टर्ड वायूनें मेलेल्या सैनिकांच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी नाहींशा झाल्याचें आढळलें होतें. त्याच जातीच्या नायट्रोजन मस्टर्ड या द्रव्याचा प्रयोग १९४२ सालीं अमेरिकेंतील येल विद्यापीठांत रसग्रंथींच्या कर्करोगाच्या एका रोग्यावर करण्यांत आला. त्यामागें गुडमन व गिलमन या दोन औषधशास्त्रज्ञांचें संशोधन होतें. गांठी विरघळल्या, परंतु थोड्याच काळांत परत आल्या. पुढें २ डिसेंबर १९४३ रोजीं इटलींतील बारी बंदरावर जर्मन विमानांनीं हल्ला केला, तेव्हां ‘जॉन हार्वी’ या अमेरिकन जहाजांतील मस्टर्ड वायूच्या बाँबचें विष बंदरभर पसरलें आणि शेंकडों माणसें होरपळलीं. तेथें तपासणीस गेलेले लष्करी डॉक्टर स्टुअर्ट अलेक्झांडर यांनाहि पांढऱ्या पेशींचा तोच ऱ्हास दिसून आला.

या इतिहासांत एका भारतीयाचाहि मोठा वांटा आहे. आंध्रांतील भीमवरमचे डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव हे अमेरिकेंतील लेडर्ले प्रयोगशाळेंत संशोधनप्रमुख होते. तेथें तयार झालेलें अमिनोप्टेरिन हें औषध बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनीं रक्ताच्या कर्करोगानें आजारी असलेल्या १६ मुलांस दिलें. १९४८ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्ताप्रमाणें १० मुलांस उतार पडला; परंतु तो उतार तात्पुरता होता. पुढें अनेक औषधें एकत्र देऊन मुलांच्या त्या रोगावर विजय मिळविण्यांत आला, ही गोष्ट आनंदाची आहे. जठराच्या पसरलेल्या कर्करोगांत मात्र त्या पहिल्या उताराचीच कथा अजून चालूं आहे. औषध लागूं पडतें, रोग मागें हटतो, आणि कांहीं काळानें बहुधा पुन्हा डोकें वर काढतो.

जठराच्या कर्करोगावर आज जीं औषधें देतात त्यांतील दोन मुख्य होत. पहिलें फ्लुओरोयुरॅसिल. कर्करोगाच्या पेशी युरॅसिल नांवाचें द्रव्य अधिक प्रमाणांत ओढून घेतात असें दिसल्यावरून चार्ल्स हायडेलबर्गर व त्यांचे सहकारी यांनीं १९५७ सालीं त्या द्रव्याची हुबेहूब पण सदोष नक्कल तयार केली. गवंड्याच्या विटांत पोकळ विटा मिसळाव्या आणि भिंत उभी राहूं नये, तसा हा प्रकार आहे. कॅपेसिटाबिन ही गोळी पोटांत गेल्यावर तिचें रूपांतर याच औषधांत होतें. दुसरें औषध प्लॅटिनम या धातूपासून केलेलें. १९६५ सालीं अमेरिकेंत बार्नेट रोझेनबर्ग हे जंतूंवर विजेचा परिणाम पाहत असतां, जंतु लांबच लांब वाढतात पण दुभंगत नाहींत, असें त्यांना आढळलें. हा प्रताप विजेचा नसून विजेच्या दांड्यांतून सुटलेल्या प्लॅटिनमचा होता. त्यांतून सिसप्लॅटिन निघालें. आणि त्याचें भावंड ऑक्सॅलिप्लॅटिन हें जपानांतील नागोया येथें १९७६ सालीं किडानी यांनीं तयार केलें. पेशींतील आनुवंशिक द्रव्याचे धागे हीं औषधें एकमेकांस जखडून टाकतात, म्हणून पेशीस दुभंगतां येत नाहीं.

आतां या औषधांचें सामर्थ्य जेथें आहे तेथेंच त्यांचा दोषहि आहे. दुभंगणाऱ्या पेशीवर तीं घाव घालतात; परंतु शरीरांत दुभंगणाऱ्या पेशी केवळ कर्करोगाच्याच नसतात. हाडांच्या मगजांत रक्त तयार करणाऱ्या, तोंडाच्या व आंतड्यांच्या अस्तरांतील, केसांच्या मुळांतील पेशीहि सतत दुभंगत असतात. म्हणूनच पांढऱ्या पेशी घटतात, तोंड येतें, जुलाब होतात, आणि कांहीं औषधांनीं केस गळतात. शत्रु व मित्र यांच्यांत फार थोडा फरक करणारें हें शस्त्र असल्यामुळें तें मोजून मापून आणि मध्यें विश्रांति देऊन चालवावें लागतें.

प्रत्यक्ष उपचार कसा चालतो, हें समजण्यासाठीं खोडदच्याच एखाद्या काल्पनिक कुटुंबाचें उदाहरण घेऊं. घरचे कर्ते साठी उलटलेले आबा. दोन मुलगे, सुना, लेक सासरीं. नित्याच्या एका पद्धतीप्रमाणें आबांना पहिल्या दिवशीं रुग्णालयांत कांहीं तास शिरेवाटे ऑक्सॅलिप्लॅटिन देतात, आणि पुढें चौदा दिवस घरीं सकाळ-संध्याकाळ कॅपेसिटाबिनच्या गोळ्या घ्यावयाच्या असतात. मग सात दिवस विश्रांति, आणि एकविसाव्या दिवसानंतर पुन्हा दुसरी पाळी. प्रत्येक पाळीपूर्वीं रक्त तपासतात. दोन-तीन महिन्यांनीं पुन्हा स्कॅन करून रोग हटला, थांबला कीं वाढला, हें पाहतात.

या दिवसांत घरच्यांनीं कांहीं गोष्टी पक्क्या ध्यानांत ठेवाव्या. ऑक्सॅलिप्लॅटिन घेतल्यावर कांहीं दिवस थंडी मुळींच सोसत नाहीं. जुन्नरच्या थंडींत पहांटे हौदाच्या पाण्यांत हात घातला तर बोटांत विजेचा झटका बसल्यासारखी झिणझिणी येते. थंड पाणी प्यालें तर घसा आवळल्यासारखा होतो. म्हणून पाणी कोमट करून द्यावें, हातापायांत मोजे असावे. पुष्कळ पाळ्या झाल्यावर बोटें बधिर होऊं लागतात आणि सदऱ्याचें बटण लावणेंहि कठीण होतें. हें डॉक्टरांस वेळीं सांगितलें तर औषधाचें प्रमाण बदलतां येतें. गोळ्यांनीं तळहात-तळपाय लाल होऊन सोलूं शकतात. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट तापाची. अंगांत १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप आला, तर तो साधा ताप समजून घरीं गोळी देऊन रात्र काढूं नये. पांढऱ्या पेशी घटलेल्या असतां जंतूंचा प्रादुर्भाव कांहीं तासांत जिवावर बेततो. तेव्हां ताबडतोब रुग्णालय गांठलें पाहिजे. कोणी झाडपाल्याचें औषध सुचविलें असेल तर तेंहि डॉक्टरांपासून लपवूं नये.

एवढा त्रास सोसून लाभ काय? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचें उत्तरहि स्पष्ट दिलें पाहिजे. वैद्यकीय पुराव्याचें संकलन करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनें जुन्या प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले. पसरलेल्या जठरकर्करोगांत केवळ आधाराचे उपचार झालेल्यांचें आयुष्य सरासरीनें चार महिन्यांच्या आसपास, तर केमोथेरपी घेतलेल्यांचें अकरा महिन्यांच्या आसपास आढळलें. म्हणजे भर पडली ती सहा-सात महिन्यांची. त्यानंतर आणखीहि प्रगति झाली. कांहीं रोग्यांच्या गांठींत एचईआर-टू नांवाचें प्रथिन फार असतें. असे रोगी सुमारें पांचांत एक किंवा त्याहून कमी. त्यांना ट्रॅस्टुझुमॅब हें औषध जोडून दिल्यास आयुष्याचा मध्यांक ११.१ महिन्यांवरून १३.८ महिन्यांवर गेल्याचें २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलें. शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीस मोकळें करणाऱ्या निवोलुमॅब या औषधाची जोड दिल्यानें, विशिष्ट खूण असलेल्या रोग्यांत हाच आंकडा ११.१ वरून १४.४ वर गेल्याचें २०२१ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणून काढलेल्या तुकड्यावर या खुणांच्या तपासण्या झाल्या आहेत काय, हें घरच्यांनीं अवश्य विचारावें.

हे आंकडे वाचतांना एक सावधगिरी हवी. मध्यांक म्हणजे ठरलेली मुदत नव्हे. शंभर रोगी ओळीनें उभे केले तर मधल्या रोग्याचा तो आंकडा. पन्नास त्याच्या अलीकडे असतात आणि पन्नास पलीकडे. अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ सालीं पोटाच्या आवरणाचा एक दुर्मिळ कर्करोग झाला. तो जठराचा नव्हता, पण त्याचा मध्यांक अवघा आठ महिन्यांचा होता. गूल्ड त्यानंतर वीस वर्षें जगले आणि २००२ सालीं निराळ्याच कर्करोगानें वारले. असें भाग्य थोड्यांच्या वांट्यास येतें. परंतु कोणत्याहि एका मनुष्याचा दिवस आंकड्यांवरून सांगतां येत नाहीं, एवढें त्यावरून खचित समजतें.

दुसरी सावधगिरी अशी कीं, हींच औषधें निराळ्या हेतूनेंहि दिलीं जातात. रोग पसरलेला नसेल तेव्हां चार औषधांची एक जुळणी शस्त्रक्रियेपूर्वीं चार वेळां व नंतर चार वेळां देतात. जर्मनींतील प्रयोगांत तिचा लाभ सिद्ध झाल्याचें २०१९ सालीं प्रसिद्ध झालें. तेथें हेतु रोग समूळ घालविण्याचा असतो. शेजारच्या गांवचा एखादा रोगी असा बरा झालेला पाहून आपलाहि रोगी तसाच बरा होईल, अशी समजूत होणें स्वाभाविक आहे. म्हणून उपचाराच्या पहिल्याच दिवशीं डॉक्टरांस विचारावें : हा उपचार रोग घालविण्यासाठीं आहे, कीं रोग आवरून आयुष्य वाढविण्यासाठीं व त्रास कमी करण्यासाठीं आहे?

येथेंच तिसऱ्या आणि अधिक कठीण प्रश्नास आरंभ होतो. आपल्या घरांत हा प्रश्न रोग्याच्या मागें विचारला जातो. तपासणीचा कागद मुलाच्या हातांत पडतो. तो डॉक्टरांस बाजूला घेऊन म्हणतो, “साहेब, आबांना मात्र कळूं देऊं नका. ऐकून ते हाय खातील.” मग आबांस सांगितलें जातें कीं, पोटांत जखम आहे, सलाइनच्या कांहीं पाळ्या झाल्या कीं बरें वाटेल. हेतु केवळ प्रेमाचा असतो, यांत शंका नाहीं. परंतु या प्रेमाची किंमत आबाच भरतात. मळमळ, बधिर बोटें, तोंडांतील फोड हें सारें ते सोसतात, आणि कशासाठीं सोसत आहों तें मात्र त्यांस ठाऊक नसतें. पाळ्यांमागून पाळ्या होऊनहि बरें वाटत नाहीं, तेव्हां त्यांस वाटतें कीं औषध चुकलें, किंवा आपणच कोठें तरी कमी पडलों.

आणि त्यांस खरोखरच कांहीं कळत नाहीं असें थोडेंच आहे? सुनेचे लाल झालेले डोळे, अवेळीं भेटीस आलेली लेक, आपण ओसरीवर येतांच थांबलेलें बोलणें, या खुणा मोठ्या बोलक्या असतात. आबा ओळखतात, परंतु मुलांना दुःख नको म्हणून तेहि न ओळखल्याचें सोंग घेतात. अशा रीतीनें एका घरांत दोन मौनें समोरासमोर राहतात, आणि शेवटच्या वर्षांत बोलावयाचें तें बोलावयाचेंच राहून जातें.

हा दोष केवळ आपल्याच समाजाचा आहे असेंहि नाहीं. अमेरिकेंत, जेथें रोग्यास रोगाचें नांव सांगण्याचा परिपाठ आहे, तेथेंहि २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत पसरलेल्या कर्करोगाच्या सुमारें १२०० रोग्यांस विचारण्यांत आलें. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या शंभरांतील ६९ आणि मोठ्या आंतड्याच्या कर्करोगाच्या शंभरांतील ८१ रोग्यांस, आपल्या केमोथेरपीनें रोग समूळ जाण्याचा संभव नाहीं, ही गोष्ट उमगलेली नव्हती. तेव्हां रोगाचें नांव सांगणें निराळें आणि उपचाराचा हेतु समजावणें निराळें. खरी गरज आहे ती दुसऱ्या गोष्टीची.

कारण या उपचारानें मिळतें तें काय? कांहीं महिने, आणि त्यांत बऱ्याच अंशीं हिंडतें-फिरतें राहण्याची शक्ति. हें धन थोडें आहे, पण खरें आहे. तें ज्याचें आहे त्यालाच त्याचा पत्ता नसावा, हा न्याय नव्हे. आबांस कळलें तर ते जमिनीची वांटणी स्वतःच्या तोंडानें सांगतील, सातबाऱ्यावरील घोळ निस्तरतील, कोणाचें देणें-घेणें राहिलें असेल तें सांगतील. धाकट्या नातीचें लग्न पुढच्या वर्षावर न ढकलतां यंदाच उरकावें असें म्हणतील. भावाशीं धरलेला अबोला सोडतील. एखादे वेळीं ते असेंहि म्हणतील, “चार पाळ्या पुऱ्या झाल्या, आतां मळा विकून पांचवी नको.” हें म्हणण्याचा अधिकार त्यांचाच आहे. लपवाछपवींत हाच अधिकार हिरावला जातो, आणि मग शेवटच्या पंधरवड्यांत, जेव्हां औषधाचा कांहींहि उपयोग उरलेला नसतो तेव्हां, कर्ज काढून महागडे उपाय केले जातात. माणूसहि जातो आणि मळाहि जातो.

सांगावें म्हणजे धोंडा मारल्यासारखें सांगावें असें मात्र नव्हे. प्रथम रोग्यासच विचारावें कीं त्यास किती जाणून घ्यावयाचें आहे. कांहीं माणसें स्पष्ट म्हणतात, “मला नको, थोरल्याला सांगा.” त्यांचें म्हणणें मानावें, तोहि त्यांचाच निर्णय होय. ज्यास जाणावयाचें आहे त्यास थोडें थोडें सांगावें, घरचें माणूस जवळ असतांना सांगावें, आणि महिन्यांचा आंकडा त्यानें विचारल्यावांचून पुढें करूं नये. डॉक्टरांनीं एकदां सांगून उठूं नये. रोग्याच्या बोलण्यास कान द्यावा. “औषधानें रोग आवरतां येईल, निपटून काढतां येणार नाहीं, पण दुखूं नये म्हणून शेवटपर्यंत आम्ही आहों,” एवढें वाक्य बहुतेकांस पुरतें. ऐकून मनुष्य रडतो, एक-दोन दिवस बोलत नाहीं. पण ज्या भीतीस नांव मिळालें तिच्याशीं बोलतां तरी येतें.

दुखूं न देण्याचें हें वचन पोकळ राहूं नये, यासाठीं औषधशास्त्रांत बरींच साधनें आहेत. जठराच्या रोग्याच्या घरीं पहिलें भांडण अन्नावरून होतें. बायको म्हणते, “अहो, दोन घास तरी घ्या.” आबांस घास जात नाहीं, आणि भरलें ताट परत गेल्याचें दुःख साऱ्या घरास होतें. येथें आग्रहाचा उपयोग नाहीं. एक मोठें जेवण देण्यापेक्षां दर दोन-अडीच तासांनीं वाटीभर पेज, मऊ भात, नाचणीची आंबील, अंडें खात असल्यास अंडें, असें थोडें थोडें द्यावें. पुदुच्चेरी येथील जिपमेर या संस्थेनें २०२३ सालीं एक उपयुक्त संशोधन प्रसिद्ध केलें. केमोथेरपी घेणाऱ्या जठर, यकृत-स्वादुपिंड व फुप्फुस यांच्या कर्करोगाच्या १२४ रोग्यांपैकीं निम्म्यांस ओलान्झापीन या औषधाची केवळ २.५ मिलिग्रॅमची गोळी रोज दिली. ती घेणाऱ्यांपैकीं शंभरांत ६० जणांचें वजन पांच टक्क्यांहून अधिक वाढलें. न घेणाऱ्यांत हें प्रमाण शंभरांत ९ एवढेंच होतें. अशी स्वस्त गोळी देतां येईल काय, हें डॉक्टरांस विचारण्यासारखें आहे.

वेदनेवर मॉर्फिन हें खात्रीचें औषध आहे. अफूपासून झालेलें म्हणून लोक त्यास भितात. परंतु डॉक्टरांच्या देखरेखीखालीं कर्करोगाच्या वेदनेसाठीं तें योग्य प्रमाणांत घेणें म्हणजे व्यसन नव्हे. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळें तें मिळणें फार अवघड झालें होतें. २०१४ सालीं त्या कायद्यांत दुरुस्ती होऊन वाट पुष्कळ सुकर झाली. मुंबईस वांद्र्याला १९८६ सालीं शांति आवेदना सदन निघालें, आणि पुण्यांत वारजे येथें १९९७ सालीं सिप्लाचें परिहार-सेवा केंद्र सुरू झालें. अशा ठिकाणीं वेदना, धाप, वांति, झोंप आणि मनाची तगमग यांवर उपचार होतात, आणि घरच्यांसहि शुश्रूषा शिकवितात. तेथें जाणें म्हणजे हात टेकणें, अशी समजूत चुकीची आहे. केमोथेरपी चालूं असतांनाच या सेवेची जोड द्यावी, हें उत्तम. आणि रोगी दिवसाचा निम्म्याहून अधिक वेळ अंथरुणास खिळला, म्हणजे केमोथेरपीनें बहुधा हितापेक्षां अहितच अधिक होतें. त्या वेळीं ती थांबविणें हाहि उपचाराचाच भाग होय.

खर्चाचा विचार टाळून चालत नाहीं. मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय अशा रोग्यांचा जुना आधार आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या, आणि पुढल्याच वर्षीं दोराबजीहि गेले. त्यांच्या नांवाच्या विश्वस्त निधींतून हें रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें. १९४५ सालीं टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली तीहि याच निधीच्या साहाय्यानें. म्हणजे खोडदची दुर्बीण आणि परळचें रुग्णालय यांचें मूळ एकाच दानांत आहे. खोडदच्या रोग्यास आळेफाट्याहून माळशेज घाटानें कल्याणमार्गें मुंबई गांठतां येते. परंतु दर तीन आठवड्यांनीं एवढी ये-जा अशक्त माणसास झेपत नाहीं. निदान व उपचाराचा आराखडा मोठ्या रुग्णालयांत ठरवून पाळ्या पुण्यास घेतां येतील काय, हें विचारावें. महाराष्ट्र शासनाची जी आरोग्य योजना २०१२ सालीं सुरू झाली आणि आज महात्मा जोतीराव फुले यांच्या नांवानें चालते, तींत संलग्न रुग्णालयांतून केमोथेरपीचाहि समावेश आहे. शेत गहाण टाकण्यापूर्वीं तेथें चौकशी करणें शहाणपणाचें.

एक शब्द निरोग्यांसाठीं. या रोगाचें एक प्रमुख कारण म्हणजे जठरांत राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतु. ऑस्ट्रेलियांतील मार्शल व वॉरन यांनीं १९८२ सालीं तो उघडकीस आणला. त्याबद्दल त्यांस २००५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. १९९४ सालींच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें त्यास कर्करोगकारक ठरविलें होतें. ज्या घरांत हा रोग झाला, तेथील सख्ख्या भावंडांनीं व मुलांनीं या जंतूची तपासणी करून घ्यावी. तो आढळल्यास सुमारें दोन आठवड्यांच्या औषधांनीं बहुधा नाहींसा होतो. तंबाखू सोडावी, अति खारट पदार्थ कमी करावे, हेंहि ओघानेंच आलें.

मनुष्याचें आयुष्य वाढविणें हें शास्त्राचें काम आहे, आणि पंचाहत्तर-ऐंशी वर्षांच्या परिश्रमानंतर शास्त्रानें या असाध्य अवस्थेंतहि कांहीं महिन्यांची भर घातली आहे. ते महिने कसे घालवावे, हें मात्र शास्त्र सांगूं शकत नाहीं. तें ज्याचें त्यानें आणि त्याच्या माणसांनीं एकत्र बसून ठरवावयाचें असतें. आणि त्यासाठीं त्यास खरें काय तें ठाऊक असलें पाहिजे.